भिंतीलगतच्या दूर्वा

आमच्या घरात गणपतीसाठी दूर्वा कधी विकत आणाव्या लागल्या नाहीत. बेळगावकडून नोकरीनिमित्त बंगळुरूला येऊन मी एका पाठशाळेत संस्कृत शिकवू लागलो आणि पुढे मल्लेश्वरमच्या पलीकडे हे लहानसे घर बांधले, तेव्हा मागच्या अंगणात हरळी, म्हणजे दूर्वांचेच गवत, आधीपासूनच होती. मुलाने नंतर तेथे बाहेरचे गवत लावून लॉन केले. परंतु त्या गवतातूनही हरळीने आपले स्थान सोडले नाही. रोज सकाळी पत्नी स्नान करून लहान पाट घेऊन तेथे बसे आणि एकवीस दूर्वा खुडून आणी. मी संध्या आटोपून देवघरात यावे आणि तबकात जुडी तयार असावी, असा क्रम वर्षानुवर्षे चालला होता.

काचबिंदूने तिची दृष्टी गेली तेव्हाही हा क्रम मोडला नाही. बाकीचे पुष्कळ मोडले. आधी विळी तिच्या हातातून काढून घेतली गेली, मग गॅसजवळ जाणे थांबले, मग धान्य निवडणेही. मुलगा आणि मी, दोघेही हे तिच्या काळजीपोटीच करीत होतो आणि ती एकेक काम सोडत गेली. दूर्वा मात्र तिने सोडल्या नाहीत. कोंब चिमटीत धरायचा, बोटे शेंड्यापर्यंत न्यायची, तीन पाने हाताला लागली की पेऱ्यापाशी खुडायचा. "याला डोळे कशाला लागतात?" असे ती म्हणे. देवाच्या पूजेतला तिचा स्वतःचा असा तेवढाच वाटा उरला होता. तो राहावा, याहून अधिक काही मी मागत नव्हतो.

गेल्या वर्षी माळ्याने येणे सोडले आणि गवत घोट्याच्या वर गेले. एका सकाळी ती त्यात पडली. हाड मोडले नाही, परंतु गुडघा आणि कोपर चांगलेच सोलवटले. मुलगा इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आहे. त्या दिवशी तो अर्ध्या वाटेवरून परत फिरला. जखम धुताना म्हणाला, "आई, आता त्या गवतात पाय टाकायचा नाही."

"आणि दूर्वा?"

"मी ऑर्डर करीन. दहा मिनिटांत घरी येतात."

"देवाला दहा मिनिटांची घाई नाही रे," ती म्हणाली.

तो हसला, पण विषय त्याच्या मनातून गेला नव्हता. महिनाभराने एक भले मोठे खोके घरी आले. त्यात आपले आपण गवत कापणारे यंत्र होते. कासवासारखी पाठ, मागे दोन मोठी चाके आणि पोटाखाली फिरणाऱ्या तबकडीला दाढीच्या पात्यांसारखी लहान पाती. ते बसवून देण्यासाठी कंपनीचा एक गृहस्थ आला. गच्चीवर सोलर हीटरच्या शेजारी त्याने एक दांडा उभा केला. उपग्रहाकडून येणारी खूण त्या दांड्याला मिळते आणि त्यावरून यंत्राला आपली जागा कळते, असे त्याने मला समजावले. मग हातातल्या फोनच्या आधाराने, एखाद्या गायीला दावे धरून फिरवावे तसे, त्याने यंत्राला लॉनच्या कडेकडेने एकदा फिरवून आणले. तेवढ्याने त्याला आपले क्षेत्र पाठ झाले. मला पाठशाळेतील मुले आठवली; त्यांना इतक्या सहज काही पाठ झाल्याचे मला स्मरत नाही.

"नवी वस्तू घरात आलीय, ओवाळा तरी," पत्नी आतून म्हणाली.

मी गंधाची वाटी घेऊन वाकलो, तेवढ्यात तो गृहस्थ धावलाच. "सार्, तिथं नको! तो त्याचा कॅमेरा आहे."

शेवटी गंध पाठीवर लागले आणि अक्षता चाकांवर पडल्या. मुलाने वेळ पहाटेची ठरवली. आई अंगणात उतरण्यापूर्वी यंत्राने काम संपवून नळाजवळच्या आपल्या जागी परतावे, अशी ती योजना होती. "अप्पा, आता गवत कधी दोन बोटांवर जाणारच नाही," तो म्हणाला. "आईचा पाय अडकायचा प्रश्न मिटला." त्याच्या मुद्रेवर त्या दिवशी जे समाधान होते, ते मी त्याच्या पहिल्या पगाराच्या दिवशीही पाहिले नव्हते.

दुसऱ्या सकाळी पत्नी पाट घेऊन बसली. पुष्कळ वेळ तिचा तळहात गवतावरून फिरत राहिला.

"अहो, जावळ काढल्यावर बाळाचं डोकं लागतं ना, तसं लागतंय," ती म्हणाली.

तबक रिकामे आले. जो उपचार मिळत नाही त्याच्या जागी अक्षता वाहाव्यात, अशी सोय पूजाविधीत आहे. मी अक्षता वाहिल्या. असे बरेच दिवस गेले. ती रोज उतरे, रोज हात फिरवी आणि रोज तबक तसेच घेऊन येई. मुलाला सांगावे तर त्याच्या मायेला दोष दिल्यासारखे होणार, न सांगावे तर हिचे हात रिकामे. शेवटी एका रात्री जेवताना मी शब्द जुळवून विषय काढला.

"एवढंच ना?" तो म्हणाला. डाव्या हाताने फोन पुढे ओढून त्याने अंगणाचा नकाशा उघडला आणि फणसाखालच्या कोपऱ्यावर बोटाने एक चौकोन काढला. "हे बघा. इथं ते पाऊलही टाकणार नाही. हा कोपरा तुमच्या गणपतीचा."

"यंत्राला कळेल?"

"अप्पा, माणसांपेक्षा बरं कळतं त्याला."

आणि खरोखरच त्याला कळले. त्या चौकोनाच्या काठापर्यंत येऊन ते मान वळवल्यासारखे वळे आणि दुसरीकडे जाई. कोपऱ्यातली हरळी वाढू लागली. पत्नी रोज तेथे हात लावून मला वार्ता देई. "अजून दोनच पानं आहेत." "आज तिसरं डोकावतंय." "उद्या नको, परवा खुडू. स्वल्प वाढू द्या." इतक्या वर्षांच्या बंगळुरूच्या वास्तव्यात काही कन्नड शब्द तिचेच होऊन गेले आहेत. कित्येक दिवसांनी तिच्या बोलण्यात उद्या आणि परवा येत होते, ते मला ऐकावेसे वाटे.

त्या ‘परवा’च्या पहाटे मी सोवळे नेसून मागच्या ओसरीवर संध्येला बसलो होतो. यंत्राचा बारीक गुंजारव नेहमीचाच होता. पण त्यात फणसाच्या बाजूने पाला तुटल्याचा आवाज मिसळला, तेव्हा माझे जपातले चित्त उडाले. जाऊन पाहतो तो यंत्र त्या चौकोनात शिरलेले. फणसाच्या दाट पानांखाली उपग्रहाची खूण नीट पोहोचत नाही आणि कधीकधी नकाशा दोन-चार हात सरकतो, हे मला मागाहून सांगण्यात आले. त्या क्षणी मला एवढेच दिसले, की अर्धा कोपरा गेला आहे. मी त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो. ते माझ्या पायाशी हलकेच थबकले, अदबीने मागे सरले आणि मला वळसा घालून उरलेला अर्धाही कापत गेले. मी हात जोडायचे तेवढे बाकी होते. शेवटी सोवळ्याचा विचार न करता मी त्याची पाठ धरून ते वर उचलले.

त्यासरशी पाती थांबली आणि यंत्र किंचाळू लागले. शिट्टीसारखा आवाज आणि मधूनमधून एक स्त्री इंग्रजीत सांगत होती, की मला माझ्या जागेवरून हलविण्यात आले आहे. भिंतीपलीकडून शेजारच्या वृद्ध गृहस्थांचे डोके वर आले.

"एन् सार्, कळ्ळ बंदना?" चोर आला की काय, असे ते विचारत होते.

"चोर नाही हो. आमचेच यंत्र आहे," मी कन्नडमध्ये उत्तर दिले.

"मग तुम्हालाच चोर समजतंय ते!"

पत्नीने आतून फोन आणून दिला. मुलगा पहाटेच निघून बसमध्ये होता. "अप्पा, त्याच्या पाठीवर बटणं आहेत. पिन टाका, चार आकडे," तो म्हणाला आणि ते सांगू लागला. माझा चष्मा घरात होता, फोन कानाला होता आणि समोर ती स्त्री अखंड बोलत होती. शेजारी भिंतीला वळसा घालून मदतीला आले. त्यांचे बोट एका वेळी दोन आकड्यांवर पडे. थोड्याच वेळात यंत्राने आमच्यावरील विश्वास काढून घेतला आणि आकडे स्वीकारणेच बंद केले. मग शेजाऱ्यांनी नळाजवळचे गोणपाट भिजवून त्याच्यावर टाकले. "आता ओरड म्हणावं," ते म्हणाले. ते ओरडतच राहिले, फक्त पाण्यातून ओरडल्यासारखे. पत्नी ओसरीच्या कठड्याला धरून उभी होती.

"किती राहिल्या?" तिने मला विचारले.

काहीच राहिले नव्हते. मी तसे सांगितले.

"असू द्या," ती म्हणाली आणि आत गेली.

मुलगा रात्री आला तो रागावला नाही. तो रागावला असता तर मला सोपे गेले असते. "अप्पा, त्या पात्यांत तुमची बोटं गेली असती तर?" एवढेच तो म्हणाला. त्याने माझे हात उलटसुलट करून पाहिले. त्यानंतर विकतच्या दूर्वांना मी नाही म्हणू शकलो नाही. दुसऱ्या सकाळी दारावर पुडी आली. दोऱ्याने बांधलेली, शेंडे सारखे केलेली, निर्दोष जुडी. पत्नीने ती हातात घेऊन बोटांनी चाचपली.

"कोणी खुडल्या असतील हो?"

"कोण जाणे."

"नीट आहेत. वाहा."

त्या दूर्वा नीट होत्या आणि मी त्या वाहत राहिलो. पण थोड्याच दिवसांत ती पहाटे उठेनाशी झाली. मी हाक मारली तर म्हणे, "उठून काय करू? तुमचं चालू द्या." पूजा होऊन गेल्यावर ती स्नान करी आणि प्रसादाला येई, पाहुण्यासारखी. 

एके दिवशी तुळशीला पाणी घालताना मला भिंतीलगत एक हिरवी पट्टी दिसली. यंत्राची पाती मधोमध असतात. भिंतीला चाक टेकले तरी भिंतीलगत वीतभर जागा तशीच राहते. त्या वीतभर पट्टीत, कंपाऊंडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हरळी उंच वाढली होती. तिच्यात इतर तणही होते. पण हरळी विपुल होती. मी मुलाला सांगितले नाही. दुसऱ्या पहाटे पत्नीला हाक मारून म्हटले, "चल. भिंतीला हात लावून चालायचे आहे."

ती आली. पाटावर बसली, हात खाली नेला आणि तिचा चेहरा पालटला. "अगोबाई! ह्या कुठे लपल्या होत्या?" मी ओसरीवर जाऊन संध्येला बसलो. त्या दिवशी तिला फार वेळ लागला. मग ती भिंत धरून आली आणि तबक माझ्यापुढे केले. जुडी बांधलेली होती, हरळीच्याच पात्याने, पूर्वीसारखी.

देवासमोर मी ती सोडली, तेव्हा त्यात दूर्वा थोड्याच होत्या. काही कोंब दोन पानांचे, काही शेंडा तुटलेले आणि उरलेला सगळा लव्हाळा. लव्हाळ्याचीही पाने तीन दिशांना जातात. पण तो हाताला वेगळा लागतो, त्याची दांडी त्रिकोणी असते. हे मला तिनेच एकदा दाखवले होते. मी ताम्हनाशी थांबून राहिलो. मागे ती बसली होती.

"बरोबर आहेत ना?"

"आहेत," मी म्हणालो आणि ते सगळे एकेक नाव घेऊन वाहिले.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी बसलो. लव्हाळ्याचा एक कोंब तिने माझ्यापुढे धरला. "बघा, किती कोवळी आहे." तिने बोटे पानांवरून इतकी दाबून नेली होती, की पान चुरगळले होते. तिला साखरेचा आजार पुष्कळ वर्षांपासून आहे. डॉक्टर पावलांना जपा म्हणून सांगतात, आणि आम्ही सगळे तिच्या डोळ्यांनाच जपत होतो.

"बोटांना नीट कळते ना गं?"

"कळतं की. जरा जाड झालीत."

"आणि पायांना? जमीन लागते?"

"लागते हो. कापसावर चालल्यासारखी," ती हसून म्हणाली. "म्हातारपणी व्हायचंच. त्यात सांगायचं काय?"

संध्याकाळी मी मुलाला सांगितले. बूट न काढताच तो तिच्या पायाशी बसला आणि तिचे पाऊल मांडीवर घेतले. "आई, इथं कळतंय?" त्याने तळव्यावर अंगठा दाबला होता.

"हो."

"आणि इथं?"

"हो रे, कळतंय."

या वेळी त्याने हात लावलाच नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिले. लहानपणी संस्कृत शब्दांची रूपे म्हणताना अडला की तो असाच माझ्याकडे पाही, आणि मी पुढचे अक्षर सांगत असे. गवताने तिला पाडले नव्हते, बधिर पायांनी पाडले होते. त्याने यंत्र आणले होते आणि मी यंत्राशी भांडलो होतो. आता दोघांपैकी कोणालाच पुढे काही येत नव्हते.

डॉक्टरांकडे नेऊन झाले. गेलेले परत येत नाही, उरलेले जपायचे, असे ते म्हणाले. घरातही चपला घालायच्या, रोज तळवे पाहायचे. तळवे मुलगा पाहतो. कामावर निघण्यापूर्वी ओसरीवर बसून, चष्मा कपाळावर चढवून, पोथी वाचावी तशा एकाग्रतेने पाहतो. यंत्र चालू आहे. भिंतीलगतची पट्टी तशीच ठेवायची, हे आमच्यात न बोलता ठरले आहे.

काल ती झोपण्यापूर्वी म्हणाली, "उद्या चतुर्थी आहे. दूर्वा जास्त लागतील. मला लवकर उठवा हं."

"उठवतो," मी म्हणालो.