फेण्यांची वेबसाईट आणि झेरॉक्सवाल्या भाभी

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याची माफी असावी. चौथीनंतर पेन हातात आलं ते बचत गटाच्या सह्यांपुरतं. पण कडावच्या झेरॉक्सवाल्या भाभींबद्दल लिहून ठेवावं असं फार दिवस मनात आहे.

भाभींची एक खोड होती. कुणाचाही फॉर्म भरायच्या आधी चष्म्यावरून बघून विचारायच्या, "हे खरं हाय ना?" एकाने उत्पन्न कमी लिहायला सांगितलं, तर म्हणाल्या, "दादा, नाक्यावर दुसरं दुकान हाय. तिथं जा, चा पी, आणि तिथंच लिव." गिऱ्हाईक गेल्याचं त्यांना काही वाटत नसे.

मी तांदळाच्या फेण्या करते. भिजवून वाटलेलं पीठ ताटलीवर पसरून वाफवायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. करायला येतं, विकायला येत नाही. बाजारात मी तोंड फिरवून बसायचे. भाभी म्हणाल्या, "तुला बोलता येत नाय ना? मंग वेबसाईट बोलंल. बस इथं."

तीन दुपारी लागल्या. फोटो त्यांनीच काढले. मी म्हटलं, "माझं नाव नको." त्या म्हणाल्या, "मंग कुणाच्या हातचं खायचं लोकांनी? माझ्या? मला तर भातपण धड येत नाय." नाव घातलं. मी सांगितलेलं 'उत्कृष्ट दर्जा' त्यांनी पुसलं आणि लिहिलं, 'स्वतः वाफवून अंगणात उन्हात वाळवलेल्या'. खाली माझा फोन नंबर, पैसे भरायचा स्कॅनर आणि गिऱ्हाइकाने पत्ता-फोन लिहायची जागा. पैसे माझ्या खात्यात यायचे, पत्ते भाभींच्या ईमेलवर.

वैशाखातच सगळ्या फेण्या संपल्या. मग पत्ते बघायचं भाभींनी सोडलं, आणि पाऊस लागल्यावर मी ताटल्या माळ्यावर टाकल्या. आमच्याकडे पावसात फेण्या कुणी मागतच नाही. त्यामुळे वेबसाईट बंद करावी लागते हे ना मला सुचलं, ना त्यांना. बँकेचे मेसेज इंग्रजीत. मला वाटलं, आधीच्यांचे राहिलेले पैसे येत आहेत. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाला ते भरून टाकले.

आषाढात एका माणसाचा फोन आला. "तीन आठवडे झाले पैसे भरून. माल पाठवणार आहात की चोरीचाच धंदा आहे?" मी फोन कापला. तो पुन्हा वाजला, तेव्हा पिठाच्या डब्यात टाकून झाकण लावलं. तरी आतून वाजत राहिला.

सकाळी भाभींकडे गेले. त्यांनी ईमेल उघडला आणि बोट ठेवून एकेक नाव मोजलं. "चौदा जण," शेवटी म्हणाल्या. "बंद करायचं मी इसरले गं."

माझ्याबरोबर दीर आला होता. तो म्हणाला, "एवढं काय त्यात? मशीनच्या फेण्या बाजारात मिळतात. पिशवी बदलायची नि पाठवायच्या. मुंबईवाल्यांना काय कळतंय?" खरं सांगते, मला ते पटत चाललं होतं. भाभींनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "काय लिवलंय, मोठ्यानं वाच." त्याने वाचलं, 'स्वतः वाफवून अंगणात...' "आता सांग, हे खरं हाय ना?" दीर छत्री उचलून निघून गेला.

सगळ्यांना फोन करून पैसे परत करायचं ठरलं. मला वाटलं, फोन भाभी करतील. त्यांनी नंबर लावला आणि मोबाईल माझ्या हातात दिला. "तुमी बोला ना," मी म्हटलं. "नाव तुझं हाय. मी बोलले तर लोक म्हणतील, बाई लपली." मी मोबाईल परत त्यांच्यापुढे केला. त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं. एका बाईंनी शिव्या घातल्या. आणखी दोघी म्हणाल्या, "राहू दे, उन्हाळ्यात पाठवा." भाभी शेजारून पुटपुटल्या, "नाय. आधी पैसे. मंग फेण्या." ज्याने मला चोर म्हटलं होतं, त्याने फोन उचललाच नाही.

पैसे तर संपले होते. मी भाताच्या आवणीला मजुरीवर गेले. चिखलात दिवसभर वाकून रोपं लावायची आणि संध्याकाळी मजुरी घेऊन भाभींकडे. त्या एकेकाला पैसे पाठवायच्या. चौघांचे त्यांनी स्वतःच्या गल्ल्यातून दिले. "इसरले मी, तू एकटी कशाला भरशील?" मी किती सांगितलं, पण ऐकलं नाही.

भाद्रपदात त्यांचं दुकान गेलं. जागामालकाला तिथे मोबाईलवाला हवा होता. लेकीकडे मोहोपाड्याला जाताना त्यांनी मला वेबसाईट उघडायची-बंद करायची कशी ते दाखवलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "एकच राहिला. त्याला तू कर फोन. मी नसनार."

चार दिवस मी मोबाईल नुसता हातात घेऊन बसत होते. पाचव्या दिवशी पैसे पाठवले आणि मग नंबर लावला. त्याने उचलला. नाव सांगितलं, गाव सांगितलं. म्हटलं, "चूक आमची झाली. तुमचे पैसे पाठवलेत. बघता का?" तो बघत होता तोवर मी फोन कापला नाही.

"आले," तो म्हणाला. "पूर्ण आहेत."

चौदाही जणांचे फिटले.