उशिरा आकसणारा डावा कप्पा

वडिलांना पेसमेकर बसला तेव्हापासून सानगडीच्या आमच्या घरात एक रीत पडली. संध्याकाळी आई त्यांचं मनगट धरायची. ठोके एकसारखे लागले की घर निश्चिंत व्हायचं. त्यामुळे मळणीच्या दिवसांत धानाच्या बांधीपर्यंत चालताना त्यांना धाप लागू लागली, पाय सुजले, तरी हृदयाचा विचार कोणाच्या मनात आला नाही.

"नाडी तं बराबर हाय, मंग दम काहून लागून राहिला तुमाले?" आई विचारायची.

"धानाची धूळ जाते नाकात," वडील सांगायचे.

सूज गुडघ्यापर्यंत चढली तेव्हा त्यांना नागपूरला नेलं. डॉक्टरांनी इको काढला. पेसमेकर व्यवस्थित चालू होता. त्याची तार हृदयाच्या उजव्या कप्प्यात होती. तिथून निघालेला इशारा डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीला उशिरा मिळत होता. मधली भिंत आकसून सैल पडू लागे, तेव्हा बाहेरची आकसायला सुरुवात करी. वर्षानुवर्षे असं चालल्याने डावा कप्पा ताणला जाऊन मोठा झाला आणि रक्त ढकलण्याची त्याची ताकद घटली. पेसमेकर असलेल्या सगळ्यांना हा त्रास होत नाही. वडिलांना झाला होता. डाव्या बाजूला आणखी एक तार बसवली नाही, तर हृदय असंच थकत जाणार होतं.

वडील तयार नव्हते. "ठोके मोजून पाहा ना. एखादा तरी चुकते का?"

"एकही चुकत नाही, काका. पण दोन्ही भिंती एकदम जोर लावत नाहीत."

तरुणपणी वडिलांनी शंकरपटात बैल पळवले होते. "मंजे एक बैल सुटला अन् दुसरा उभाच. अशी जोडी तं मी पटात उतरवलीच नसती."

"अन् सोताले उतरवून राहिले ना इतके दिवस!" आई म्हणाली.

त्यांनी सही केली. दुसरी तार बसली.

काही महिन्यांनी पुन्हा इको झाला. डावा कप्पा बराच लहान झाला होता, भिंती बरोबरीने आकसत होत्या. परतताना लाखनीला चहासाठी थांबलो. गाडीतून उतरून वडील आमच्या पुढे निघाले.

"जरा हळू चाला," आई मागून ओरडली, "आता मले दम लागून राहिला."