ड्रॉइंगवर नाव वैशालीचं, आकडा माझा

मंडळी, घरी आल्या आल्या लिहायला बसलेय, कारण आज माझी मलाच लाज वाटतेय.

आमची टीम गॅस टर्बाइनचे भाग डिझाइन करते. मी तिची प्रमुख. टर्बाइनची पाती तापली की वाढतात, म्हणून त्यांच्या आणि बाहेरच्या कवचाच्या मध्ये फट ठेवावी लागते. एका ड्रॉइंगमध्ये ती कमी पडली. आकडा मीच टीममधल्या वैशालीला घाईत, तोंडी सांगितला होता.

मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे कोणी काढलंय?"

"वैशालीने," मी म्हणाले आणि गप्प बसले.

वैशालीला नोकरीत कायम करायचं की नाही, ते याच आठवड्यात ठरणार आहे.

मीटिंग संपवून मुरबाडहून परतताना ती गाडीत शेजारीच होती. वाटेत किन्हवली गाव आलं तसं मी म्हटलं, "वैशाली, मघाशी मी..."

"ऱ्हाऊ द्या, मॅडम. मीच आकडा परत विचारायला पायजे व्हता."

एरवी ती मला ताई म्हणते.

असलं काही मी ह्यांना सांगायचे. ते गेल्यापासून घरात सांगायला कुणी नाही. आत्ता साहेबांना मेसेज करून खरं कळवलंय. पण गप्प तर मी सगळ्या टीमसमोर बसले होते. मग एवढ्याने भागेल का?