विरलेल्या शाईचे शिफारसपत्र

खल्लूफ बिन सादान हा इजिप्तमधल्या फुस्तातच्या ज्यू प्रार्थनालयाचा लेखनिक. खलिफाच्या कचेरीतून रद्दीत आलेल्या फर्मानांच्या कोऱ्या पाठीवर तो विधवांचे अर्ज आणि परगावी रमलेल्या नवऱ्यांना धाडायची खरमरीत पत्रे सारख्याच टापटिपीने उतरवी. जे स्वतः पाहिले नाही ते लिहायचे नाही, हा त्याचा बत्तीस वर्षांचा नेम होता.

तुर्कांच्या धाडींमुळे पॅलेस्टाईनमधले रमला हे गाव सोडून आलेल्या तुर्फा या विधवेने त्याच्यापुढे शाई धुऊन गेलेला एक कागद ठेवला. नाईलच्या नावेत तिचे शिफारसपत्र भिजले होते. आणि त्यावाचून परक्यांचे नाव प्रार्थनालयातून गरिबांना मिळणाऱ्या मंगळवारच्या भाकरीच्या यादीत चढत नसे. पदरी दोन मुली होत्या.

“काका, दुसरं लिहून द्या.”

“पहिलं मी वाचलेलं नाही, बाई.”

“मग हे कोरं वाचा.”

खल्लूफ बधला नाही. तेव्हा शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनाच्या, सकाळी तुर्फा बायकांच्या सज्जातून खाली उतरली आणि धर्मग्रंथाची गुंडाळी उघडण्यापूर्वीच तिने प्रार्थना थांबवली. गाऱ्हाण्याचा निकाल लागेपर्यंत पुढचे वाचन होत नसे, आणि घरोघरी निखाऱ्यावरचे जेवण तर केव्हाच शिजले होते.

“पुरावा काय?” मुखिया मुवफ्फकने विचारले.

“पत्र पाठ आहे मला. नावेत रोज कुणाकडून तरी वाचून घेत होते.” तिने सुरुवात केली, “फुस्तातच्या थोर वडीलधाऱ्यांना, त्यांच्या पुत्रपौत्रांना, आणि अजून न जन्मलेल्या पणतवंडांच्या जावयांनाही देव उदंड आयुष्य देवो...”

खल्लूफ ताठ झाला. रमलाचा लेखनिक योशिया आणि तो वीस वर्षे एकमेकांना पत्रे लिहीत होते. योशियाच्या मायन्यातल्या त्या जावयांवर खल्लूफने प्रत्येक पत्रात हरकत घेतली होती. योशिया मात्र प्रत्येक उत्तरात जावयांना नमस्कार कळवी.

“पत्र योशियाचंच आहे,” खल्लूफ म्हणाला. “असली खोगीरभरती दुसऱ्या कुणाला सुचणार नाही.”

“नक्की ना? की भूक बोलतेय?”

“माझी भूक इतकी पाल्हाळीक नाही, मुखियाजी.”

सज्जात खसखस पिकली. मुवफ्फकने मान डोलावली आणि वाचन सुरू झाले.

शब्बाथला लेखणी वर्ज्य. म्हणून खल्लूफने रविवारी तुर्फाच्या तोंडून पत्र उतरवून घेतले आणि खाली स्वतःची साक्ष घातली. जावई गाळावेत, असे त्याने सुचवून पाहिले.

“हात लावू नका त्यांना,” ती म्हणाली.

मंगळवारी तुर्फाने रांगेत उभे राहून चार भाकऱ्या घेतल्या, आणि त्यांतली एक करपली आहे म्हणून बदलून मागितली.