कोट सांभाळणारा माणूस

आमच्या ह्यांनी उभा जन्म विमानांचे पंख बनवणाऱ्या कारखान्यात काढला, आणि ह्यांना उंचीची भीती वाटते. घरातला बल्ब गेला तर स्टुलावर मी चढते. विमानात हे बसतात, पण आतल्या सीटवर, आणि खिडकीचं झाकण मला खाली ओढायला लावतात. विचारलं तर म्हणतात, "पंख कसा बनवतात ते मला माहीत आहे ना, म्हणून."

आणि राहायला आम्ही ब्रिस्टलमध्ये. ऑगस्टात तिथे सकाळी घरांवरून बलून जातात. नवी नवी आले होते तेव्हा एकदा पोळ्या करताना डोक्यावर कसलासा फुस्स आवाज झाला. मी मागच्या अंगणात धावले, तर शेजाऱ्यांच्या धुराड्याच्या जरा वर एक लाल-पिवळा बलून, आणि त्याच्या टोपलीतून एक म्हातारी बाई मला हात करत होती. मी हातातलं लाटणं हलवलं. त्याच संध्याकाळी ह्यांना म्हटलं, एकदा ह्यात बसायचं, दोघांनी. हे म्हणाले, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

ह्यांचं काम खाली उभं राहण्याचं. वेल्समध्ये डोंगरावर केबल कारने मी गेले, लंडनच्या त्या नव्या मोठ्या चाकात लेकीबरोबर मी बसले, आणि हे खाली माझा कोट, माझी पर्स आणि सगळ्यांच्या छत्र्या सांभाळत उभे. आम्ही उतरलो की प्रश्न ठरलेला, "कसं होतं?" मग मी सांगायचं आणि ह्यांनी मान डोलवत ऐकायचं. नंतर पाहुण्यांना असं वर्णन करून सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, हेच जाऊन आले.

लंडनवरून आठवलं. स्टॅनमोरला माझी नणंद राहते. पॅडिंग्टनला उतरलं की सगळं जग तिच्याकडे ट्यूबने, म्हणजे जमिनीखालच्या रेल्वेने जातं, आम्ही मात्र बस बदलत बदलत जातो. नणंद दरवेळी टोमणा मारते, की भाजी तिसऱ्यांदा गरम केली. पण मला बसच्या वरच्या मजल्यावरून लंडन बघायला आवडतं. ट्यूबमध्ये काय दिसतं? काळोख.

तर लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हा लेकीने आम्हाला इजिप्तमधल्या लक्झरची ट्रिप दिली. पहाटे बलून, मग दिवसभर थडगी आणि देवळं. तिचा जन्म ब्रिस्टलचा, मराठी तिचं तिचं. म्हणाली, "बाबा, घाबरू नका, तुमची हात आई धरेल." हे हसले आणि चक्क हो म्हणाले. बघू नाही, हो. मी नणंदेला फोन करून सांगितलं, लायब्ररीतल्या मैत्रिणींना सांगितलं, दुकानात भाजी घेताना भेटलेल्या बाईलासुद्धा सांगितलं. बलूनपेक्षा जास्त आनंद मला त्या 'हो'चा झाला होता.

लक्झरला पहाटेच्या अंधारात एका छोट्या बोटीने आम्हाला नाईलच्या पलीकडे नेलं. बोटीत चहा आणि केकचा तुकडा मिळाला. ह्यांनी केक खाल्ला नाही, तेव्हाच मला समजायला हवं होतं. पलीकडे शेताडीत बलून आडवे पडले होते आणि माणसं त्यांच्या तोंडात जाळ सोडत होती. बघता बघता आमचा उभा राहिला, चांगला चार मजली. टोपलीला पाय ठेवायला भोकं होती. मी साडी सोडून पॅन्ट घातली होती, मुद्दाम ह्याच क्षणासाठी. चढले, आत उडी मारली, वळून हात पुढे केला.

ह्यांनी एक पाय भोकात ठेवला. मग तो काढला. चेहरा पांढराफटक. म्हणाले, "तू जा. मी आहे इथे." आणि सवयीने दोन्ही हात पुढे केले, कोट घ्यायला.

काय सांगू किती राग आला. तीस वर्षांत एक गोष्ट मागितली होती. अंगातला लाल कोट काढला आणि जवळजवळ फेकलाच ह्यांच्या अंगावर. "धरा," म्हटलं, "तेवढंच येतं तुम्हाला." पायलटने जाळ सोडला आणि जमीन सुटली.

वर गेल्यावर जे होतं ते फार सुंदर होतं, आणि मी ते रडत बघितलं. वारा लागत नाही, कारण आपणच वाऱ्याबरोबर जात असतो. एका बाजूला हिरवीगार शेतं, दुसऱ्या बाजूला वाळवंट, आणि मधली रेघ साडीच्या काठासारखी सरळ. सूर्य नाईलच्या पाण्यातून वर आला. दोन दगडी राजे मांडीवर हात ठेवून शेताकडेला बसलेले, डोंगराला टेकून एका राणीचं देऊळ, आणि घरांच्या गच्च्यांवर गोधड्या, कोंबड्या, भाकरी भाजणाऱ्या बायका. टोपलीतल्या शेजारच्या कप्प्यात कॉव्हेंट्रीचं एक गुजराती जोडपं होतं. त्यातली ती घाबरून नवऱ्याच्या दंडाला चिकटली होती. मी दुसरीकडे तोंड फिरवलं.

उतरलो ते एका उसाच्या शेताच्या कडेला. बलूनची माणसं एका पिकअपमधून धूळ उडवत आली आणि टोपली धरायला धावली. त्यांच्यात आमचे हे. कोट खांद्यावर टाकून टोपलीला लटकले होते, पोट सांभाळत. मी उतरल्यावर ह्यांनी कोट पुढे केला आणि विचारलं, "कसं होतं?"

"बरं होतं."

"मी दिसलो का वरून? त्या पिकअपमध्ये मागे उभा होतो."

"नाही," मी म्हटलं आणि मिनीबसमध्ये जाऊन बसले. ह्यांनी दशम्यांचा डबा पुढे केला, तोही घेतला नाही. घरी मी एवढा वेळ गप्प राहिले असते तर ह्यांनी डॉक्टरला बोलावलं असतं.

नंतर गाईडने आम्हाला राजांच्या खोऱ्यात नेलं. आता मी लायब्ररीत नोकरी केलेली बाई, तिथे थडगी आहेत हे मला माहीत होतं. पण थडगं म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे ताजमहाल. वर घुमट, भोवती बाग, मोकळी हवा. इथे उघडाबोडका डोंगर, आणि त्यात एक दार. दाराच्या आत उतार खाली जात होता, खाली, आणखी खाली, आणि लोक त्यात दिसेनासे होत होते.

माझे पाय तिथेच थिजले. मला खोल, बंद जागेची भीती वाटते. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, आईलासुद्धा नाही.

"गुडघा दुखतोय," मी म्हटलं. "तुम्ही जाऊन या."

मला वाटलं, आता हे सकाळचं उट्टं काढणार. आणि काढलं असतं तरी बोलायला तोंड नव्हतं मला. पण ह्यांनी डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली, कॅमेरा दिला, थर्मास दिला. "सावलीत बस," म्हणाले आणि उतारावरून खाली गेले.

मी काही बसले नाही. दारासमोर उन्हात उभी राहिले, हातात टोपी. जर्मन लोकांचा एक घोळका आत गेला, बाहेर आला. गुजराती जोडपं बाहेर आलं. हे नाहीत. खाली हवा असते का, छत किती जुनं आहे, ह्यांना बीपी आहे, गोळी घेतली का, काय काय मनात आलं. नुसता जीव टांगणीला. आणि तेव्हा मला तो चाकाखालचा, केबल कारखालचा, छत्र्या धरलेला माणूस आठवला. मी मजेत वर गेले होते, तेव्हा ह्यांनी दरवेळी हेच केलं होतं. वर मान करून.

शेवटी ते डोकं पुसत वर आले. केसांत धूळ. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कसं होतं?"

आम्ही सावलीतल्या बाकावर बसलो. मी थर्मासमधला चहा ओतला आणि ह्यांनी सांगायला सुरुवात केली, अगदी मी सांगते तसं, एकही गोष्ट न गाळता. उतार कसा लांब आहे, भिंतींवर माणसं रांगेने राजासाठी बदकं आणि भाकऱ्या घेऊन कशी चाललीत, रंग कसे काल दिल्यासारखे ओले वाटतात. "आणि अगदी तळाच्या खोलीत," म्हणाले, "छत निळं आहे, आणि त्यावर पिवळ्या चांदण्या, खच्चून. एवढं खाली उतरून बघतो तर आकाश."

थोडा वेळ आम्ही चहा प्यायलो. मग हे हळूच म्हणाले, "गुडघा कसा आहे?"

बोलण्याची तऱ्हा ऐकून माझ्या लक्षात आलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून. पॅडिंग्टनला ट्यूबकडे उतरणाऱ्या सरकत्या जिन्यावर तू माझा दंड असा धरलास की आठवडाभर काळानिळा होता."

"मग कधी बोलला का नाहीत? तीस वर्षं त्या बसमधून हाडं खिळखिळी करून घेतलीत."

"त्यात काय," हे म्हणाले, "बसमधून लंडन छान दिसतं."

मी टोपी त्यांच्या डोक्यावर नीट बसवली. रडू येत होतं म्हणून उगीच जास्त वेळ बसवत राहिले.

"आता तू सांग," म्हणाले. "वर कसं होतं?"

मग मी सगळं सांगितलं. साडीचा काठ, दगडी राजे, गच्चीवरच्या भाकरी. आणि सर्वांत शेवटी ते सांगितलं, जे सकाळी सांगितलं नव्हतं. की शेतांमधल्या कच्च्या रस्त्यावरून एक इवलीशी पिकअप आमच्या मागे मागे धावत होती, तिच्यात एक माणूस उभा होता, आणि तो सारखा एक लाल कोट हलवत होता.

"म्हणजे दिसत होतो?"

"दिसत होतात," मी म्हटलं. "निघाल्यापासून उतरेपर्यंत मी दुसरं फारसं काही बघितलंच नाही."