नानांचे वडील वारले तेव्हा

नानांच्या मुलीचा, माधवीचा फोन आला तेव्हा माझ्या गोष्टीतल्या देवमाशानं आमच्या जहाजाचा पंखा नुकताच गिळला होता. सिंगापूरात बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये सकाळच्या कॉफीला आमचं टेबल ठरलेलं, आणि त्या टेबलावर थापा मारायचा मक्ता माझा. मासा पंख्यासकट वळलाय, एवढं अवाढव्य जहाज मलाक्काच्या सामुद्रधुनीत त्याच्यामागे उलटं ओढलं जातंय, ऐकणाऱ्यांच्या हातातले टोस्ट हातातच राहिलेत... आणि फोन वाजला. "काका, नाना गेले. झोपेतच. पीसफुली." मी "हो" म्हटलं आणि उठलो. त्या माशाचं पुढे काय झालं हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, आणि मुख्य म्हणजे कुणी विचारलेलंही नाही.

चिनी लोकांचा भुतांचा महिना चालू होता. ब्लॉकाब्लॉकाखाली पत्र्याच्या पिंपांत कागद जळत होते, फुटपाथच्या कडेला भुकेल्या भुतांसाठी भाताच्या वाट्या, संत्री, उदबत्त्या मांडलेल्या. शेलारनानांना हा महिना फार आवडायचा. "बघ बंड्या, ओळख ना पाळख, तरी जेवायला वाढतात," असं म्हणत ते त्या वाट्यांना वळसा घालून चालायचे, आणि मी चुकून उदबत्ती ओलांडली तर दंडाला धरून मागे ओढायचे. त्या दिवशी मला मागे ओढायला कुणी नव्हतं.

नाना माझे पहिले चीफ इंजिनीअर. मी जहाजावर नवशिका म्हणून चढलो तेव्हा त्यांचा दरारा असा, की ते इंजिनरूमची शिडी उतरायला लागले की गळणारे पाइप आपापले गळायचे थांबत. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते आतला आजार ओळखायचे. एकदा तर त्यांनी तेवढ्यावरून खलाशांना आदल्या रात्री आमटी खारट झाली होती हेही सांगितलं. (खरंच. निदान मी तरी चाळीस वर्षं असंच सांगत आलोय.) पुढे बोटी सोडून ते तुआसच्या एका गोदीत कामाला लागले, सिंगापूरला कायमचे राहिले आणि मलाही ओढून आणलं. त्यांना रॉटरडॅमचं बोलावणं होतं, दुबईचं होतं. पगार दुप्पट. मी विचारलं, "नाना, या घामट बेटावर काय ठेवलंय?" तर म्हणाले, "वडील आहेत इथे."

मला वाटलं, चेष्टा करताहेत.

नानांचे वडील साताऱ्याकडचे. साधे शिपाई. महायुद्धात पलटणीबरोबर इथे आले आणि शहर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती सापडले. काहींनी पुढे दुसऱ्या फौजेची वाट धरली, बाकीच्यांना बेटाच्या उत्तरेला रबराच्या मळ्यांकडे छावण्यांत कोंडलं. त्या छावणीबद्दल मी काहीही वाढवून सांगणार नाही. तिथे वाढवायला जागाच नाही. मूठभर भात, दिवसभर खोदकाम, ताप, मार, आणि सकाळी उठले नाहीत त्यांच्यासाठी खड्डा. काहींना बोटींत भरून कुठे कुठे नेलं, त्यातले फार थोडे परत दिसले. नानांचा जन्म झाला तेव्हा वडील समुद्रापलीकडे होते. मुलगा झाल्याचं पत्र गावाहून गेलं. उत्तर आलं नाही. नंतर एक सरकारी कागद आला, त्यात 'बेपत्ता'. त्यानंतर काहीच नाही.

क्रांजीच्या युद्धस्मारकावर, ज्यांचं थडगंसुद्धा सापडलं नाही अशा हजारो नावांत, त्यांचं नाव कोरलेलं आहे. नानांनी आईला एकदा मुद्दाम आणून ते दाखवलं. मी गाडी चालवत होतो. म्हातारी त्या खांबासमोर गेली आणि आधी पदर डोक्यावरून पुढे ओढला. नवऱ्याचं नाव तिनं तिथेही घेतलं नाही. बराच वेळ बघून म्हणाली, "भितीवर नाव लिवलं म्हंजी मानूस मेला व्हय रं? शाळंच्या भितीवर बी नावं असत्यात की." नाना म्हणाले, "आये, सरकारनं लिहिलंय." त्यावर ती म्हणाली, "सरकारनं बघितलं का? कुनीतरी यावं, म्हनावं मी बघितलं. मग मी कुकू पुसते." कुणी आलं नाही. तिनं पुसलं नाही.

ती गेली तेव्हा नाना विमानानं गावी पोचले. अंगणात बायका खोळंबलेल्या. हिला सवाष्ण म्हणून न्यायची की विधवा म्हणून, सांगायचं कुणी? भाऊबंद म्हणत होते, एवढी वर्षं झाली, आता कसली सवाष्ण. नानांनी पिशवीतून हिरव्या बांगड्या काढून दिल्या. मळवट भरून, ओटी भरून तिला नेली.

झालं! तिथून नानांचं आयुष्यच त्या बांगड्यांत अडकलं. आई सवाष्ण गेली म्हणजे वडील हयात. वडील हयात म्हणजे त्यांचं श्राद्ध नाही, पक्ष नाही. बेपत्ता माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करायचा विधी गुरुजींनी सुचवला, तर नाना म्हणाले, "आईला कुंकवानं पाठवली आणि आता मागून तिचा नवरा जाळू?" दरवर्षी पितृपक्षात ते आईची अविधवा नवमी करत, आणि सवाष्ण म्हणून जेवायला माझी बायको शुभा ठरलेली. तिला साडी मिळायची, मला तिच्या पानातली उरलेली पुरणपोळी. सर्वपित्रीला मात्र आम्ही दोघं चांगीच्या समुद्रावर जायचो. छावणीत मेलेल्या सगळ्यांच्या नावानं, ज्यांना कुणी नाही त्यांच्या नावानं, पाणी सोडायला. पण ज्याचा बाप जिवंत त्यानं तर्पण करायचं नसतं. म्हणून पाण्यात मी. नाना तिळाची डबी धरून वाळूत उभे. मी कॉफीच्या टेबलावर सांगायचो, पृथ्वीतलावरचा सगळ्यात म्हातारा मराठी माणूस म्हणजे नानांचे वडील, अजून चष्मा लागलेला नाही! लोक खो खो हसायचे. नानाही हसायचे.

यंदा आषाढात ते हॉस्पिटलात गेले. एका दुपारी माधवी खाली जेवायला गेल्यावर मला म्हणाले, "दार लोट. डॉक्टर हल्ली माझ्याशी न बोलता माधवीशी बोलतात. म्हणजे काय ते मला कळतं."

"काहीतरीच काय नाना. तुम्ही शंभरी गाठणार."

"थाप बरी मारतोस, पण ही नको. दुसरी हवीय." मग म्हणाले, "वडील अजून आहेत रे बंड्या."

मी सवयीनं हसलो. ते हसले नाहीत.

"बापाच्या आधी पोरानं जायचं नसतं. त्यांना आधी जायला पाहिजे. ते कसे गेले, सांग मला."

"मला काय ठाऊक, नाना?"

"ठाऊक असेल त्या प्रत्येकाला विचारून झालं. खरं बोलणारी सगळी माणसं 'माहीत नाही' म्हणतात. म्हणून तुला विचारतोय. जन्मभर लोकांना थापा मारल्यास, एक मला मार."

मी खुर्ची पुढे ओढली. सवयीप्रमाणे सुरुवात दणक्यात केली. नानांच्या वडिलांनी पहारेकऱ्याची संगीन हिसकावली, पाच जण आडवे केले, तारेच्या कुंपणावर...

"एवढं मोठं नको," नाना म्हणाले. "माझ्या बापाच्या मापाचं सांग."

जन्मात पहिल्यांदा मला पुढचं वाक्य सुचेना. मग म्हणालो, "ताप होता."

"मलेरिया?"

"मलेरियाच."

"हं. बहुतेकांना तोच होता."

"सकाळी कामावर न्यायला आले तेव्हा उठवेना त्यांना. शेजारचा म्हणाला, याला राहू द्या, याच्या वाटचं मी खोदतो."

"कुठला होता शेजारचा?"

"वाईकडचा."

"मग मराठीच बोलले असतील," नाना स्वतःशीच म्हणाले. "पाणी?"

"त्यानंच पाजलं. करवंटीनं. पोटभर प्यायले."

नाना डोळे मिटून ऐकत होते. मग एकदम लहान आवाजात विचारलं, "माझं कळलं होतं का त्यांना?"

खिडकीबाहेर एक्स्प्रेसवेवर गाड्या धावत होत्या... मी त्याच बघत बसलो. शेवटी म्हणालो, "कळलं होतं. वाईवाल्याला सांगत होते, मला पोरगा झालाय. अजून नाव ठेवलं नसेल म्हणाले."

"ठेवलं होतं की! बाराव्या दिवशीच ठेवलं होतं." नाना उशीवरून उठायलाच निघाले.

"ते त्यांना कसं कळणार, नाना?"

"हो... ते कसं कळणार," असं म्हणून ते परत टेकले. डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. ते पुसायला हात उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीळ मागवले. माधवीनं नर्सकडून अंग पुसायचा प्लास्टिकचा टब आणला. नर्सनं "फॉर वॉट, अंकल?" विचारलं, तर नाना म्हणाले, "माय फादर डाइड." ती बिचारी "सो सॉरी, अंकल" म्हणून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. दक्षिण कुठली ते मी ऊन बघून सांगितलं. सलाईन डाव्या हाताला होतं, उजवा मोकळा होता. या खेपेला डबी मी धरली. नानांनी वडिलांचं नाव, आजोबांच्या नावासकट, खणखणीत घेतलं आणि अंगठ्याच्या बाजूनं पाणी सोडलं. एकदा, दोनदा, तीनदा. तीळ तळहाताला चिकटून राहिले, ते माधवीनं ओल्या कापसानं टिपून घेतले. संध्याकाळी त्यांनी कॉफी मागितली. साखर घालून. पुढच्या काही दिवसांतच ते गेले, बापामागून, रीतसर.

परवा नवमी झाली. शुभानं सकाळी सवयीनं काठापदराची साडी बाहेर काढली, पलंगावर ठेवली, आणि मग तशीच घडीवर घडी करून परत कपाटात ठेवली. नानांच्या बापाला मरण दिलं त्याच दुपारी मी त्या म्हातारीचं कुंकूही नेलं होतं, हे मला तेव्हा कुठे उमगलं.

मग वर नानांच्या फ्लॅटवर गेलो. माधवी त्यांची खोली आवरत होती. कपाटावर म्हातारीचा फोटो, आणि फोटोच्या काचेवर, बरोबर कपाळाच्या जागी, कुंकू. आंघोळ झाली की नाना रोज लावायचे. हॉस्पिटलात गेले त्या सकाळी लावलेलं ते, आता सुकून कडेनं पापुद्रे सुटायला लागलेलं. माधवी समोर ओलं फडकं घेऊन उभी होती.

"काका, आता हे पुसायचं असतं का? आय रिअली डोन्ट नो. म्हणजे, आता आजोबा तर..."

मी जवळ जाऊन बघितलं. नानांच्या उजव्या हाताचं कुंकू लावायचं बोट ऐन उमेदीत इंजिनाच्या झाकणाखाली सापडून चपटं झालं होतं. त्यामुळे कुंकू कधी गोल उमटलंच नाही. रुंद, डावीकडे घसरलेलं. काचेवर तिरपा उजेड पडला होता, आणि त्या लाल ठिपक्यात बोटावरच्या रेषा दिसत होत्या.

"हे आजीचं नाही," मी म्हणालो. "नीट बघ."

तिनं वाकून बघितलं. मग फडकं बाल्कनीत नेऊन वाळत टाकलं.