वारा शून्य

कय्युमभाईंचा राग आला नाही असा दिवस मला आठवत नाही. जळगावात मेहरूणला त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. मागच्या खोलीत हौशी (हॅम) रेडिओचा बिनतारी संच, आणि त्यापुढे माणूस असा बसतो जणू साऱ्या खानदेशाचं हवामान त्याच्याच परवानगीने बदलतं. मी नूतन, कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला. रेडिओचा परवाना माझ्याकडेही आहे, पण त्या खोलीत माझं काम एकच. रोज चारला गावोगावचे सगळे रेडिओवर हजेरी देतात तेव्हा आकडे वहीत उतरवायचे.

आम्ही सात जण. प्रत्येकाच्या गच्चीवर कय्युमभाईंनी स्वतः बनवलेलं केंद्र, म्हणजे पाऊस मोजायची नळी, तापमापक, आणि पंख्याच्या बेअरिंगवर फिरणाऱ्या चार प्लास्टिकच्या वाट्या. वाट्या फिरल्या की खाली घरात वाऱ्याचा वेग दिसतो. सातांपैकी चार चालू असले तरी नशीब. एकाची नळी शेजारच्यांच्या पोरांनी क्रिकेटला पळवली, दुसऱ्याचा तापमापक पाण्याच्या टाकीला टेकलेला. किती वेळा सांगायचं?

हा सगळा खटाटोप यावलच्या केळीबागांसाठी. वादळ अजिंठ्याच्या डोंगराकडून आलं की आधी पहूरला पोचतं, यावलला तास-दीड तासाने. तेवढ्या वेळात घड कापणारी माणसं बागेबाहेर काढायची. घडाच्या वजनाने वाकलेलं झाड वाऱ्यात मोडलं की खालच्या माणसाची धडगत नसते. फोनचा भरवसा नाही, कारण वारा सुटला की आधी वीज जाते आणि मग मोबाईलची रेंज.

दोन वर्षांपूर्वी पहूरच्या लोटनभाऊंनी यंत्र न बघताच "लई वारा" म्हणून सांगितलं. यावलच्या अभिमनने बागा रिकाम्या केल्या, भरायला आलेला ट्रक परत गेला, आणि पानही हललं नाही. बागवाल्यांनी अभिमनला इतक्या शिव्या घातल्या की त्याचं पुढे तीन महिने कोणी ऐकलं नाही. तेव्हापासून कय्युमभाईंचा नियम झाला. अंदाज नको, आकडा द्या. 'लई' हा शब्द रेडिओवर चालणार नाही. आणि परवाना ज्याचा, आवाज त्याचाच.

यंदाच्या मे महिन्यातला तो मंगळवार. चारची हजेरी सुरू झाली. धुळ्याहून प्रेमराज अहिराणीत म्हणाला, "आठे बठ्ठं मोकळं शे." म्हणजे इथे सगळं मोकळं आहे. कय्युमभाईंनी त्यालाही झापलं. "प्रेमराज, आकडा!" त्याने बिचाऱ्याने आकडा दिला.

मग पहूर. लोटनभाऊंच्या आवाजामागे खडखडाट ऐकू येत होता, आणि त्यांची बायको ताईबाई ओरडत होती, "अहो, पत्रे उडू राह्यले! सांगा ना भाऊंना!"

"लोटनभाऊ, मागे कोण बोलतंय? परवाना नाही त्यांना. वारा किती?"

"शून्य दाखवतंय. पण भाऊ, इथं..."

"पण नको. शून्य. आगे?"

मी 'शून्य' लिहिलं. खडखडाट मीही ऐकला होता. माझा हात थांबला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. एकदा, फक्त एकदा "भाई, थांबा" म्हटलं असतं! पण रोज त्यांच्याशी हुज्जत घालून मी कंटाळले होते, आणि त्या दिवशी म्हटलं, मरू दे.

यावलचा अभिमन आमचं ऐकूनच निर्णय घेतो. त्याने विचारलं, "इशारा आहे का?" कय्युमभाई म्हणाले, "नाही. काम चालू द्या." साडेपाचच्या आत वादळाने यावलच्या चार बागा झोपवल्या. बेबाबाई ही डोक्यावर घड वाहणारी बाई. ती एका मोडलेल्या झाडाखाली सापडली. जीव वाचला, पण खांद्याचं हाड तुटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पहूरला गेलो. गच्चीवर ताईबाईने बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातले होते. कावळे येऊ नयेत म्हणून दोऱ्या ताणल्या होत्या, आणि त्या फिरत्या वाट्यांत अडकायच्या. मग तिने चारही वाट्या जुन्या साडीच्या काठाने खांबाला घट्ट बांधून टाकल्या होत्या.

"दोन दिवसांचाच प्रश्न होता भाऊ. बिबडे वाळले की सोडणारच होते," ती रडत म्हणाली. "पण मी तोंडाने सांगत होते ना तुम्हाला!"

वाटलं, आता कय्युमभाई तिच्यावर खेकसतील. ते खाली बसले आणि ती गाठ सोडत राहिले. दोनदा ती त्यांच्या बोटांतून निसटली.

तिथून आम्ही यावलला गेलो. दवाखान्यात बेबाबाई भिंतीला टेकून बसली होती, खांदा पट्ट्यांनी आवळलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यापुढे डोक्यावर ओझं घ्यायचं नाही. आम्ही कोण हे अभिमनने तिला सांगितलं. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिने कय्युमभाईंकडे बघून विचारलं, "भाऊ, तुमच्याजवळ वारा मोजायचं यंत्र आहे म्हणतात. किती होता हो वारा?"

वही माझ्या पिशवीत होती. त्यात मंगळवारच्या रकान्यात माझ्याच अक्षरात शून्य होतं. कय्युमभाईंनी पिशवीकडे पाहिलं, मग तिच्या खांद्याकडे.

"लई होता, बेबाबाई," ते म्हणाले. "लई होता."